हा तांदूळ कोंबड्यांसाठी आहे

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही, त्यामुळे खरंच लिहायचं.
यंत्र आलं. परदेशी संस्थेने मदत म्हणून दिलेलं, कपाटाएवढं, पांढरं, आणि आमच्या तांदूळ केंद्राच्या गोडाऊनमधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा स्वच्छ. माझ्यासकट. भात कांडून, खडे-तूस काढून झाले की तांदूळ या यंत्रात वरून सोडायचा. आतले कॅमेरे एकेक दाणा बघतात. डागी दिसला की हवेची फुंकर मारून उडवतात. चांगला माल समोरच्या तोटीतून, उडवलेला मागच्या. फट्, फट्, फट्. बराच वेळ ऐकत उभा राहिलो. इतकी कसून तपासणी मी आजवर फक्त स्वतःची केली आहे.
करार सरळ आहे. इथला शेतकरी तांदूळ पिकवतो आणि इथला माणूस परदेशी तांदूळ खातो. एप्रिलअखेर बाजाराने आपला तांदूळ उचलला, तर यंत्र इथेच राहणार आणि केंद्राचा व्यवस्थापक म्हणून मी कायम होणार. नाही उचलला, तर यंत्र दुसऱ्या केंद्राला जाणार आणि मी घरी. घरी सासूबाई असतात.
संकल्प: पहाटे उठणे. मीटिंगची बिस्किटं मीटिंगमध्येच, आणि एकच.

७ जानेवारी
सल्लागार बाई येऊन गेल्या. संस्थेच्या. उंच, उत्साही. आपल्या भाषेतला ‘छान’ हा एकच शब्द येतो, तो त्या पंक्चर झालेल्या टायरलाही वापरतात. बाकी सगळं इंग्रजीत. यंत्राला एक गोल चकती आहे, एक ते दहा आकड्यांची. आकडा जितका वर, तितकी तपासणी कडक. बाईंनी ती पाचवर ठेवली, वर चिकटपट्टी लावली आणि बजावलं की हिला हात लावायचा नाही. मी छातीवर हात ठेवून कबूल केलं.
बिस्किटं: तीन. पण मीटिंग लांबली होती.

९ जानेवारी
दिवसभर एकच प्रश्न. दहापैकी पाच म्हणजे पन्नास टक्के. मुलगी गणितात पन्नास टक्के आणते तेव्हा मी तिला काय काय ऐकवतो? मग इथे गप्प बसणं हा दुटप्पीपणा नाही का? दुसरी बाजू: हात लावू नका, असं स्पष्ट सांगितलंय. तिसरी बाजू: पाच ही बाईंची आपल्याकडून असलेली अपेक्षा आहे. अपेक्षेपेक्षा चांगलं काम करायला मनाई कशी असेल?
चिकटपट्टी न फाडता अलगद कडेने उचलली आणि चकती नऊवर नेली. दहावर नेली नाही. अहंकार नको.

११ जानेवारी
समोरच्या तोटीतून मोती! एकही डाग नाही, रेघ नाही. डोळे भरून आले (थोडा कोंडाही गेला असावा).
मागच्या तोटीतून मात्र जवळजवळ सगळाच तांदूळ आला. यंत्र चालवणारा मिस्त्री घाबरला. तसा तो भाबडा आहे, आत कॅमेरे आहेत म्हणून यंत्र सुरू करण्याआधी केस विंचरतो. तो म्हणाला, साहेब, आपल्याकडच्या तांदळाला जन्मतःच लाल रेघ असते, हे तर अख्ख्या गावालाच नापास करतंय. मी म्हटलं, नापास होण्यात लाज नाही, नापास माल विकण्यात आहे. वाक्य चांगलं जमलं. त्याने भांग बदलला.

२० जानेवारी
मोती पारदर्शक पिशव्यांत भरून बाजारात नेले. दुकानदाराने पिशवी उजेडात धरली आणि विचारलं, कुठल्या बोटीतून आला? म्हटलं, आपल्याच शेतातला आहे. तो इतका हसला की तराजूचं पारडं हललं. म्हणाला, आपल्या तांदळात खडे असतात. लोक परदेशी घेतात ते काही चवीसाठी नाही, दात वाचवायला. आपला तांदूळ मी झोपेतही ओळखीन. हा परदेशीच आहे, आणि तुम्ही शिकलेसवरलेले असून नाव बदलून विकताय.
माझ्यावर! भेसळीचा आळ! ज्याने उभ्या आयुष्यात बसचं तिकीट चुकवलं नाही त्याच्यावर!
घरी येऊन विचार केला: आपल्या मालावर कुणाचा विश्वास बसू नये, इतका तो चांगला झालाय. हे एका अर्थी यशच.

२४ जानेवारी
दुकानदाराने नाइलाजाने थोड्या पिशव्या ठेवून घेतल्या. मी त्याच्या दुकानात पाटी लावली: ‘हा तांदूळ आपलाच आहे. शपथेवर.’
विक्री घटली. जे दोघं घेत होते तेही शपथ वाचून परत गेले.

२७ जानेवारी
दुसरी पाटी: ‘हा तांदूळ प्लॅस्टिकचा नाही.’ अशी काही अफवा उठली नव्हती, पण आधीच खबरदारी घ्यावी म्हटलं.
आता उठली आहे.

३ फेब्रुवारी, सकाळी
नापास तांदळाच्या पोत्यांनी गोडाऊन भरलं. टेबलापर्यंत पोचायला आडवं चालावं लागतं. आमच्या केंद्राचे चेअरमन आले, त्यांना पोटामुळे आडवंही येता येईना. दारातूनच ओरडले की अहो, तो मागचा माल विकून मोकळे व्हा. मी तत्त्व सांगितलं. ते म्हणाले, तत्त्व पोत्यात भरा आणि वाट करा.
स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: अन्न सडू देणं नैतिक आहे का? नाही. नापास माल माणसाला खाऊ घालणं नैतिक आहे का? नाही. मग उरतं कोण? कोंबड्या.
मागच्या दाराला पाटी लावली: ‘हा तांदूळ कोंबड्यांसाठी आहे. माणसांना मिळणार नाही.’

५ फेब्रुवारी
पहिलं गिऱ्हाईक, शेजारच्या काकू. मी नियमाप्रमाणे विचारलं, कोंबड्या आहेत का? त्यांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मूठभर तांदूळ चोळून, हुंगून बघितला, आणि म्हणाल्या, आहेत की. किती? म्हणाल्या, इश्श, त्या काय एका जागी उभ्या राहतात मोजायला?
इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. माणूस शेजाऱ्यांविषयी किती बेफिकीर असतो! संकल्प: शेजाऱ्यांची आपुलकीने चौकशी करणे.

१२ फेब्रुवारी
मागच्या दाराला रांग! शिंप्याकडे कोंबड्या. पोस्टमनकडे कोंबड्या. मुलीच्या गणिताच्या बाईंकडे कोंबड्या. दुसऱ्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त क्लार्क आले, त्यांच्याकडेही. मी विचारलं, कोंबड्या जिना चढतात कशा? ते म्हणाले, लिफ्ट नाही, करतात काय बिचाऱ्या.
लोकांची आस्था बघून भारावलो. एका बाईंनी विचारलं, कोंबड्यांना हा तांदूळ घालताना पाणी दुप्पट घ्यावं की अडीचपट. दुसऱ्या एक तक्रार घेऊन आल्या की कालच्या पोत्यात कणी जास्त होती, कोंबड्यांचा भात चिकट झाला. शिजवून घालतात! आपण घरच्या माणसांचंही इतकं करत नाही.

१८ फेब्रुवारी
मी घरी मोत्यांची एक पिशवी दिली होती, तिचं चीज झालं. गेले काही दिवस घरी भात असा होतोय की बस. मऊ, गोडसर, शेवटच्या घासापर्यंत वास येतो. मी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं की ही नऊ नंबरच्या सेटिंगची किमया आहे. सासूबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतला आणि म्हणाल्या, जावईबापू, तुमच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी बरं झालं बघा. मुलीला ठसका लागला, ती उठून बाहेर गेली. बायको ताटाकडे बघत होती. तिला माझा अभिमान वाटला की ती अशीच खाली बघते.
सासूबाईंनी सकाळी फिरायला जायला सुरुवात केलीय. गोडाऊनच्या मागच्या बाजूने जातात. हातात पिशवी असते. म्हणाल्या, तोल सांभाळायला.

२५ फेब्रुवारी
संस्थेला रिपोर्ट पाठवायचा होता. मोत्यांची विक्री: नगण्य. कोंबडीखाद्य: शिल्लक नाही. बराच वेळ हे दोन आकडे एकमेकांकडे आणि माझ्याकडे बघत बसले. मग एकदम प्रकाश पडला. आपण तांदूळ सुधारायला निघालो आणि आपल्या हातून कुक्कुटपालनाची क्रांती झाली! मोठी कामं अशीच होतात, कडेकडेने.
रिपोर्टला एक प्रस्ताव जोडला: सुधारित जातीची पिल्लं द्यावीत. तांदळाच्या मदतीतून पिल्लं मागणं योग्य का, यावर विचार केला. पिल्लं तांदूळ खातात. योग्य.
बिस्किटं: पुडा. रिपोर्ट एकट्याने लिहिला, म्हणजे ती एकट्याची मीटिंगच झाली.

२ मार्च
प्रस्तावाला पुष्टी म्हणून कोंबड्यांची पाहणी करायला स्वतः घरोघर गेलो. अनुभव संमिश्र. काकूंच्या कोंबड्या हिंडायला गेल्या होत्या. पोस्टमनच्या नुकत्याच झोपल्या होत्या. गणिताच्या बाईंच्या परक्या माणसाला लाजतात. शिंप्याकडे आतल्या खोलीतून आरवणं ऐकू आलं. आवाज त्याच्या वडलांच्या खोकल्यासारखा होता, पण असं म्हणणं त्या वडीलधाऱ्या माणसाचा अपमान ठरेल, म्हणून लिहून घेतलं: कोंबडा, एक.
एकही प्रत्यक्ष दिसली नाही. निष्कर्ष: इथली कोंबडी अत्यंत स्वतंत्र वृत्तीची आहे.
अंडी मात्र सगळेच विकत आणताना दिसतात. कोंबड्या वयाने लहान असाव्यात.

१५ मार्च
मिस्त्री काहीतरी सांगायला आला आणि बराच वेळ घुटमळला. शेवटी म्हणाला, साहेब, तुम्ही कधी घरच्या भाताचा तांदूळ शिजण्याआधी बघितलाय का? मी म्हटलं, स्वयंपाकघर हे बायकोचं क्षेत्र आहे, तिच्या अधिकारात ढवळाढवळ मला पटत नाही. त्याने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं. यंत्राचा आवाज फार आहे.

२८ मार्च
सल्लागार बाईंचं पत्र! पिल्लांचा प्रस्ताव मुख्य कार्यालयात सगळ्यांना पसंत पडला, मंजूरही झाला. एप्रिलमध्ये त्या स्वतः, संस्थेच्या समितीचे दोन सदस्य घेऊन, येणार. तांदळाचा काय तो निर्णय तेव्हाच देणार. शिवाय त्यांना कोंबड्या बघायच्या आहेत.
मी शांत आहे. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. दाखवण्यासारखं आहे, ते फक्त हिंडायला गेलेलं असतं.

८ एप्रिल
सगळ्या कोंबडीमालकांना मागच्या दाराशी जमवून विनंती केली की समितीच्या दिवशी कोंबड्यांना घरात ठेवा. रांगेतले सगळे पाटीकडे बघू लागले. मी सरळ सांगितलं की समितीचं मत वाईट झालं तर यंत्र जाईल आणि हा तांदूळही बंद होईल. यावर काकू घाईघाईने म्हणाल्या, भाऊ, तुम्ही निर्धास्त राहा, बघू आम्ही. मग सगळे मिस्त्रीला घेऊन कोपऱ्यात गेले आणि कुजबुजत राहिले. एकी असावी तर अशी.

१४ एप्रिल, दुपारी चार
घाई न करता क्रमाने लिहितो.
सकाळी समितीला घेऊन निघालो. पहिलं घर काकूंचं. अंगणात एक तपकिरी कोंबडी, डाव्या पायाने किंचित लंगडी. बाई म्हणाल्या, छान. मग पोस्टमनचं घर. तिथेही एक तपकिरी कोंबडी, डाव्या पायाने लंगडी. शिंप्याकडे तशीच. मी समितीला समजावलं की जातीची इतकी शुद्धता फार क्वचित आढळते, लंगडणंही आनुवंशिक असावं. सदस्यांनी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या क्लार्ककाकांकडे पोचलो तेव्हा कोंबडी धापा टाकत होती. ते म्हणाले, जिना. समितीतले एक सदस्य मघापासून मिस्त्री कुठे आहे विचारत होते. मिस्त्री सगळ्या गल्ल्यांत नुसता पाठमोरा दिसत होता. पळताना. शर्टाला पिसं.
जेवण आमच्याकडे ठेवलं होतं. भात आणि रस्सा. बाईंनी भाताचा पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. पुन्हा वाढून घेतला. सदस्यांनीही घेतला. बाईंनी विचारलं, हा कुठला? मी उभा राहिलो. म्हटलं, हाच आमचा समोरच्या तोटीचा, निवडक, सेटिंग नऊ.
बाई म्हणाल्या, नऊ?
तेवढ्यात सासूबाई भांडं घेऊन आल्या. म्हणाल्या, काय हो जावईबापू, पाहुण्यांसमोर कशाला फुशारकी, हा कोंबड्यांचा तांदूळ आहे. तुमच्या त्या मोत्यांना ना चव ना वास. नातीच्या शाळेचे तक्ते चिकटवायला खळ करतो त्याची, तीही नीट धरत नाही. एक सदस्य बाईंना हळूच भाषांतर करून सांगत होते.
मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, अहो, मी दहा वेळा सांगणार होते, पण तुम्ही इतके खुशीत जेवायचात. आणि सगळं गावच खातंय. आपल्या तांदळातले खडे गेले, तूस गेलं, रेघ तेवढी राहिली. आणखी काय पाहिजे माणसाला?
मी म्हटलं, आणि कोंबड्या? इतक्या कोंबड्या आज मी डोळ्यांनी बघितल्या, त्या?
कुणी उत्तर द्यायच्या आत मागच्या दाराने मिस्त्री आत आला. घामाघूम. काखेत तपकिरी कोंबडी. कारण यादीप्रमाणे पुढचं घर आमचं होतं. त्याने समितीला बघितलं, कोंबडी जमिनीवर ठेवली आणि केस विंचरले.
बाई म्हणाल्या, छान.

१६ एप्रिल
निर्णय आला. बाजाराने इथला तांदूळ उचललाय, नुसता उचललाय नव्हे, खोटं बोलून उचललाय. संस्थेच्या आजवरच्या कामात लोकांनी एखाद्या गोष्टीसाठी इतका खटाटोप केलेला त्यांनी पाहिला नव्हता. मदत सफल. यंत्र राहणार.
चकती तीनवर आणून तिच्यावर लोखंडी झाकण बसवलं. आता तांदूळ रेघेसकट समोरच्या तोटीतून येतो, मागून फक्त काळे दाणे, तेही चिमूटभर. चव तपासायला महिन्यातून एकदा सासूबाईंना मानाने बोलावणार आहेत.
व्यवस्थापकाची जागा रद्द. जो माल आपणहून विकला जातो त्याला व्यवस्थापक लागत नाही. मी विचारलं, मग मी? बाईंनी सांगितलं की पिल्लांचा प्रस्ताव आधीच मंजूर झालाय, तो मागे घेता येत नाही, आणि गावात कोंबडीविषयी तुमच्याइतकी आस्था दुसऱ्या कुणाला दिसली नाही. हंगामी जागा आहे. पिल्लं माझ्या पत्त्यावर निघालीत.
स्वतःला विचारलं: ही पदावनती आहे का? नाही. क्षेत्रबदल.

२९ एप्रिल
पिल्लं आली. बैठकीच्या खोलीत आहेत. सोफ्याखालीही आहेत. फार गोड आहेत आणि अखंड ओरडतात. बायको माहेरी जाईन म्हणाली. तिची आईच इथे आहे हे मी लक्षात आणून दिलं, तेव्हापासून बोलत नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, यांना घालणार काय?
मिस्त्रीकडे गेलो. मागच्या तोटीचे काळे दाणे त्याने वाटीत दाखवले. इतक्या पिल्लांना ते मुखशुद्धीलाही पुरणार नाहीत.

३० एप्रिल, संध्याकाळी
दुकानापुढे आपल्या तांदळासाठी रांग. उभा राहिलो. भिंतीवर दुकानदाराने नवी पाटी लावली आहे: ‘हा तांदूळ माणसांसाठी आहे. जनावरांना, पक्ष्यांना घालण्यासाठी मिळणार नाही.’ अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.
माझा नंबर आला. दुकानदाराने पोतं पुढे सरकवलं, पण हात वर ठेवला. म्हणाला, भाऊ, तुमच्या घरी पिल्लं आलीत असं ऐकतो. मागे काकू उभ्या होत्या, शिंपी होता, क्लार्ककाका होते. सगळे माझ्याकडे बघत होते. जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो. पण पिल्लं सकाळपासून उपाशी होती, आणि एवढी माणसं इतके दिवस किती सहज बोलत होती ते आठवलं. म्हटलं, छे, छे, घरी खायला हवाय.
दुकानदार खूश झाला. विचारलं, कसा आवडतो तुमच्याकडे, मऊ की मोकळा?
म्हटलं, कच्चा.
त्याने पोतं आत ओढून घेतलं.